शांत खोलीसाठी जोरदार टाळ्या

१९ सप्टेंबर, मंगळवार, दुपार

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगं आज रजेवर आहेत, तेवढं चालवून घे.

इकडे सगळं ठीक. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणलाय, तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो. छापखान्यात एका माजी प्राचार्यांच्या आत्मचरित्राची मुद्रितं तपासते आहे. पानोपानी त्यांनी स्वतःला 'नम्र' म्हटलंय. तुझे फोन मुद्दामच घेतले नाहीत. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र.

आधी अभिनंदन करून टाकते. ग्रंथालयाच्या वाचनमेळ्याचं उद्घाटन परवा दणक्यात झालं. 'दणक्यात' हा तुझाच शब्द. दारावर 'सर्वांना सामावून घेणारा मेळा' असा हा एवढा फलक. ज्यांना गोंगाट, गर्दी, लखलखाट सोसत नाही त्यांच्यासाठी एक शांत खोली. आणि त्या शांत खोलीचं उद्घाटन बँड लावून! अरे, बँड, दादा! अकलेचे कांदे शोधायला बाजारात जायची गरज नाही, तुमची समिती पुरे.

फीत कापलीत. मग तू अध्यक्ष म्हणून माइकला टिचक्या मारल्यास, 'हॅलो, हॅलो' केलंस आणि म्हणालास, "तशा मुलांचा विचार आजवर कुणी केला नव्हता. तो आपल्या समितीने केला. शांत खोलीसाठी जोरदार टाळ्या!"

मी पुढेच बसले होते. वाटलं, एखादा तरी हसेल. छे! सगळे टाळ्या पिटत होते, तुमचे खजिनदार तर उभं राहून. बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच खूण झाली, त्यांनी पुन्हा सुरू केलं. तुझी लेक मुंगी तेव्हा कुठे होती ते तुला ठाऊक आहे. त्याबद्दल नंतर.

आधी तुझी खोली. ती मी आतून पाहिली आहे, तू फक्त फीत पाहिलीस. कोचावर प्रमुख पाहुण्यांचा ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी हमरीतुमरीवर आला होता. त्याच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी, पुढे उद्गारचिन्हांची रांग. आणि पाटीच्या वर स्पीकर. तू बाहेर जे बोलत होतास ते आत दुपटीने आदळत होतं. मी वायर उपटली तसे खजिनदार धावत आले.

"अहो ताई, काय करताय? आत बसलेल्यांचा कार्यक्रम चुकू नये म्हणून मुद्दाम लावलाय तो!"

"कार्यक्रम चुकावा म्हणूनच माणूस आत येतो," मी म्हटलं.

"मग घरीच बसावं ना!"

घ्या. हे तुमचं सामावून घेणं. फलक दारावर आणि माणूस घरी. एवढंच करायचं होतं तर खोली कशाला उघडलीत?

खोलीत मी एकटी नव्हते. मी टाळते आहे, कळतंय मला. लिहिते आता.

मुंगी स्टेजवर तुझ्या शेजारी उभी होती, देवमाशाचं पुस्तक छातीशी धरून. अध्यक्षांची कन्या पहिलं पान वाचणार होती ना! टाळ्या आणि बँड एकदम अंगावर आले आणि पोरगी टेबलाच्या कापडाखाली शिरली. लोक हसले. तू वाकून बघितलंस का? नाही. तू माइकवर म्हणालास, "जरा लाजाळू आहे आमची. टाळ्यांनीच तिची भीड मोडू या!" आगीत तेल ओततात हे ऐकून होते, माइकवरून ओतलेलं परवा पाहिलं.

मी टेबलाखाली गेले. कंबर तिथेच धरली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. स्वतःचं मनगट चावत होती. तिला उचलून तुझ्या त्या खोलीत नेलं, तिथलं वर सांगितलंच, मग मागच्या दाराने माझ्या घरी. वहिनी काल विचारत होती, एवढ्या उकाड्यात ही लांब बाह्यांचा फ्रॉक अंगावेगळा का करत नाही. म्हणून. माझ्याकडे असलेल्या आपल्या कपड्यांतून मुंगीने तो शोधून घेतला. "बाबांना दिसायला नको," म्हणाली. रात्री जेवताना तिच्या समोर बसतोस ना तू? बाही वर करून बघ.

वाटेत तिने विचारलं, "आत्या, तशी मुलं म्हणजे कशी गं? मी स्टेजवरून शोधत होते. मला एकपण दिसलं नाही."

शब्द तुझा, उत्तरही तूच दे.

तिला वाचता येत नाही असं समजू नकोस. माझ्या स्वयंपाकघरात पंखा बंद करून, भिंतीकडे तोंड करून ती देवमाशाचं अख्खं पुस्तक वाचते. एक स्वल्पविराम गाळत नाही. माझ्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती निघत नाही, तुला माहीत आहे.

आणि वहिनी सांगते, येत्या रविवारी समारोपाला तू तिला पुन्हा उभी करणार आहेस. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही म्हणे. ग्रंथपालबाईंनी बिचारीने बाजूला घेऊन सुचवलं, मुलीला एकदा कुणाला तरी दाखवा, तर त्यांना म्हणालास, "आमच्या घरात तसलं काही नाही."

तसलं काही नाही? दादा, त्या घरात मी होते.

शाळेच्या मैदानात बँड सुरू झाला की तू तुझी रांग सोडून माझ्या मागे येऊन उभा राहायचास आणि माझ्या कानांवर दोन्ही हात ठेवायचास. तुझ्या बोटांना शाईचा वास यायचा. मला सगळे तिरशिंगी म्हणायचे आणि तुला तिरशिंगीचं झाकण. मास्तरांनी छड्या दिल्या, पोरांनी पिडलं, पण बँड थांबेपर्यंत तू हात काढला नाहीस. तेव्हा समिती नव्हती आणि फीतही नव्हती.

तुमच्या खजिनदारांवर मी रागावत नाही. दगडावर कोण रागावतं? त्यांना कधी कळलंच नव्हतं. तुला मात्र कळत होतं. परवा तू माइक धरून उभा होतास, पोटची पोर तुझ्या पायाशी टेबलाखाली होती आणि तू लोकांकडे बघून हसत होतास. दादा, मला तुझी लाज वाटली.

रविवारी मुंगी येणार नाही. वहिनीशी बोलून झालं आहे. पोरगी शनिवारपासून माझ्याकडे राहील. समारोपाला तू स्वतःच वाच हवं तर, टाळ्या मिळतीलच.

तिचं वाचन ऐकायचं असेल तर शनिवारी दुपारी इथे ये. एकटा. बेल वाजवू नकोस, दार नुसतं लोटलेलं असेल. ती भिंतीकडे तोंड करून वाचेल, तू तिच्या मागे बस. पुस्तक संपलं की सवयीने तुझे हात टाळ्यांसाठी उठतील. नेमका तेव्हाच खालचा कुत्रा भुंकतो, रोजचं आहे त्याचं. त्या हातांचं काय करायचं ते तुला मी सांगायला नको.

तुझी,
तशी बहीण