अप्पांचे चौदा

३ जून
मुरलीचं, माझ्या नवऱ्याचं, वर्षश्राद्ध अठ्ठावीसला. फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो, पण अप्पांचा हट्ट, सासरे माझे, की पोराच्या फोटोला हार घालायचा तर त्यांनी स्वतः धुतलेल्यालाच. जुनी प्रत पुरात भिजून गेली. निगेटिव्ह आहे. अप्पांचा चेन्नईतला, एग्मोरचा स्टुडिओ कधीच बंद, मागची डार्करूम शाबूत. फोटोचे कागद चार उरलेत, असले आता मिळत नाहीत. अप्पांचे हात थरथरतात, म्हणून मी.

५ जून
अप्पांच्या वहीत: ‘मुरली, १४.’ मी शाळेच्या लॅबमधला टायमर आणून कागदावर चौदा सेकंद लाइट टाकला. फोटो फिक्का, नाकडोळे गायब. अप्पा भडकले. “घड्याळाचे नव्हेत गे, माझे चौदा!” जन्मभर तोंडानेच मोजत आलेत. कागद ३.

६ जून
हॉलमध्ये बसवून मोजायला लावलं. त्यांचे चौदा म्हणजे एकवीस सेकंद. अतिशहाणी मी, आधी विचारायचं ना.
नणंदेचा फोन. वहिनीला ती इथल्यासारखं मन्नीच म्हणते. “मन्नी, स्कॅन करा, दहा मिनिटांचं काम.”

८ जून
टायमर नको, मीच मोजतो म्हणाले. डेव्हलपरचं रसायन तापतं म्हणून ट्रे बर्फावर. लाइट लावला. मुरली कागदावर उलटा: चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. अप्पा नऊवर थांबले.
“पाहा गे, केस पिकले त्याचे.”
लाइट चालूच. मीही बंद केला नाही. चाळिशीतच गेला तो. कागद काळाठिक्कर.

९ जून
पुन्हा तेच. या खेपेला सहावरच थांबले. मी तर आधीपासूनच रडत होते. कागद १.

१४ जून
टायमर लावू दिला. एकविसाव्या सेकंदाला लाइट आपोआप गेला.
“कोणी बंद केला?”
कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडणार, तर अप्पांनी मनगट धरलं. “पोदुम. पुरे. आज नको.” तो अजून कोराच दिसणारा कागद त्यांनी काळ्या पाकिटात घालून डब्यात ठेवला.
“अप्पा, या वेळी नीट आला असेल.”
“असेल. नसेलही.”

२७ जून
उद्या श्राद्ध. नणंद फोनमधलाच फोटो मोठा करून घेऊन आली. हसरा, रंगीत. हार त्यालाच.
रोज डबा मागत होते मी, फोटो धुवायला. कागद जुना, हवा ही अशी दमट, रसायनात न घातलेलं किती दिवस टिकणार? आज त्यांनी आपणहून डबा माझ्या हातात दिला. “तूच ठेव गे.”
कपाटात साड्यांखाली ठेवलाय. दोनदा काढला, परत ठेवला. माझाही धीर होत नाही.