पिवळी बॅराकुडा

शनिवार, ४ जानेवारी

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. काचबिंदू फार पुढे गेलाय. उरलीसुरली नजर आज ना उद्या जाणार, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे शांत. मीच पर्स आवळून बसले होते. बाहेर आल्यावर श्यामरावांचं पहिलं वाक्य काय, तर — "द्रोणागिरीचं राहिलं गं."

घराचं नाही, पोरीचं नाही, बायकोचं तर नाहीच. द्रोणागिरीचं! म्हणजे तिथल्या रस्त्यावर ती गाडी एकदा पळवायचं. ती गाडी, माझी सवत.

रविवार, ५ जानेवारी

सारसोळ्याला गेलो, रूपेशच्या गॅरेजात. रूपेश ह्यांचा गाडीवेडा दोस्त — वय निम्मं, वेड दुप्पट. त्याच्या शेडमध्ये ती मुक्कामाला असते. प्लिमथ बॅराकुडा, सहासष्टची, अमेरिकन. कुठल्याशा परदेशी वकिलातीची, भंगारात निघालेली. हे जहाजावर इंजिनियर होते तेव्हा उचलली. मग दर बंदरावरून हिच्यासाठी काही ना काही यायचं. माझ्यासाठी एकदा अत्तर आलं होतं, तेही सांडलेलं.

मूळचं इंजिन काढून मोठं, आठ सिलिंडरचं बसवलंय. बोनेट कापून वर नाकपुडी केलीय. मागच्या सीटा गायब, वजन नको म्हणून. मागचे टायर पाट्याएवढे रुंद. आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी? तर पाव मैल सरळ पळायला. पाव मैल! मी भाजीला त्याहून लांब जाते.

रविवारी त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले चार लोक खुर्च्या टाकून तिच्यासमोर बसतात. रूपेश इंजिन सुरू करतो आणि कुणी बोलत नाही. चहा निवतो. डोळे मिटून नुसतं ऐकायचं. आज मीही बसले. आधी वाटलं, कान जातात आता. मग तो आवाज हळूहळू खाली उतरला, पोटात जाऊन बसला. लहानपणी पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायचे, तसं झालं. उठावंसं वाटेना. मागची काच तिची केवढी — छतापासून पार शेपटीपर्यंत एकच, वाकलेली. तिच्यात अख्खं आभाळ आडवं झालं होतं. इतकी वर्षं हिला शिव्या घातल्या, पण नीट बघितलं ते आज.

निघताना ह्यांनी बॉम्ब टाकला. ९ फेब्रुवारीला क्लब द्रोणागिरीत गोदामांमधला सरळ रस्ता परवानगीने बंद करून गाड्या पळवणार आहे. रूपेश म्हणाला, "सर, मी चालवतो ना, टेन्शन कशाला." तर हे — "नाही. नंदिनी चालवेल. मी शेजारी. दिसतंय तोवर एकदा तिच्या काचेतून तो रस्ता अंगावर येताना बघायचाय."

म्हटलं, मी? डोकं ठिकाणावर आहे का? दारात रूपेशची आई, गोजराबाई, कोळंबी सोलत होत्या. म्हणाल्या, "स्टेरिंग डावीकडं हाय ना? मंग बायकोची जागा डावीकडंच. बराबर हाय."

झालं. ठरलंच म्हणायचं.

रविवार, १२ जानेवारी

पहिला धडा. डावीकडे बसायचं, गियर उजव्या हाताला! माझा डावा हात सवयीने गियर शोधतो आणि दारावर आपटतो. करंगळी सुजली. क्लच म्हणजे जातं. हे उजवीकडे बसून गोड आवाजात सांगत होते — "घाबरवू नकोस तिला." मी घाबरवतेय म्हणे.

गोजराबाई तिला 'म्हावरा' म्हणतात. बॅराकुडा हे माशाचं नाव आहे कळल्यापासून त्यांना ती घरचीच वाटते. बोनेटवर थाप मारून बघतात, ताजं आहे का ते बघावं तसं.

सध्या गाडी अस्तराच्या राखाडी रंगात आहे. रेसच्या आधल्या आठवड्यात रंग लागणार. पिवळा. हे म्हणतात, लिंबाचा नको, हळकुंडाचा पिवळा. मनात किती वर्षं घोळवलाय त्यांनी तो.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ दिला. म्हणाले, "गोड गोड बोल, आणि क्लच हळू सोड."

सोमवार, २० जानेवारी

काल गोदामांमधल्या मोकळ्या रस्त्यावर सरावाला ती पळाली. जरा जास्तच दाबलं माझ्याकडून. पाठ सीटला चिकटली, पुढचा रस्ता अरुंद झाला, गोदामं दोन्हीकडून वितळून गेली. मग पाय काढला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. पण मी आले नाही.

आज ऑफिसात दिवसभर तशीच. समोर पॉलिसीचे कागद, आणि माझ्या पायाखाली ती गुरगुरतेय. शेजारच्या टेबलावरच्या तेजश्रीने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" काय सांगू? ह्या वयात हे व्हावं! हे बोटीवर असताना फोनवर तासभर गाडीबद्दल बोलायचे आणि मी रिसीव्हर बाजूला ठेवून भांडी घासायचे. आता वाटतं, परत एकदा सांगा सगळं. पहिल्यापासून.

रविवार, २६ जानेवारी

आमची वाटणी ठरली. सुरुवातीच्या खांबावर दिवे असतात — पिवळे एकेक करून उतरतात, मग हिरवा. "दिवा मी बघतो, तू रस्ता बघ. मी 'सोड' म्हटलं की सोडायचं." मी म्हटलं, मला दोन्ही दिसतं की. तर पुन्हा म्हणाले, "दिवा मी बघतो." मग माझ्या लक्षात आलं. त्यांनाही काहीतरी काम हवं ना. चालेल म्हटलं.

शेजारी माणूस बसवायला क्लब तयार नव्हता. रूपेश भांडला. आमची फेरी निकालात धरायची नाही ह्या अटीवर हो म्हणाले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

रूपेशचा फोन. रंगवाल्याने दगा दिला, गाडी राखाडीच पळणार, रंग नंतर. "सरांना तुमीच सांगा, माझी हिंमत नाय." सांगते म्हटलं आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, वरच्या गळतीचं भांडण घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी आले. राहूनच गेलं. बघतीलच की तिथे गेल्यावर. थोडा वेळ फुगून बसतील.

शनिवार, ८ फेब्रुवारी

भीती वाटतेय. हरण्याची नाही. त्यांना जे बघायचंय ते माझ्या हातून दाखवायचं राहून गेलं तर.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळचं ऊन, गोदामांच्या लांब सावल्या, रांगेत उभ्या गाड्या. एक काळी कमॅरो तर अशी की मी पदराने पुसायला निघाले होते. पूर्वी मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. आता हिची कंबर, तिचे दिवे, एकेक वेगळी दिसते. रंगाबद्दल श्यामराव एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, शहाणे झाले.

आमच्या शेजारी पुण्याची मस्टँग. पळण्याआधी मागची चाकं जागच्या जागी फिरवून तापवायची असतात, धूर निघेपर्यंत. म्हणजे टायर चिकट होतात, रस्ता धरतात. तापवली. रूपेशने अंगठा दाखवला. आणि तेवढ्यात गोजराबाई नारळ घेऊन आल्या! नारळ खरं तर पुढे फोडतात. पण रूपेशनेच त्यांना कधीतरी शिकवलं होतं की हिची सगळी ताकद मागच्या चाकांत. मग मान तिकडचाच. मागच्या चाकापुढे खाडकन फोडला. सगळं पाणी गरम टायरवर. क्लबवाले, पुण्यातले, सगळे हात जोडून उभे. नको म्हणायची कुणाची टाप?

दिवे उतरायला लागले. मी रस्त्याकडे बघत होते. मस्टँग सुटली. कानात तिचा आवाज, आणि मग हे — "सोड!"

सोडलं. ओलं चाक नुसतं फिरलं, शेपूट डावीकडे गेली, कुणीतरी ओरडलं. मी स्टेरिंग धरून ठेवलं, पाय जरासा उचलला, पुन्हा दाबला — आणि तिने रस्ता धरला. दुसरा गियर. तिसरा. आवाजच ऐकू येईना इतका आवाज. सगळं हलकं, लांब, पाण्याखालचं. हे हसत होते. शेवटाला मस्टँग केव्हाच पोचली होती, आमची वाट बघत.

"बघितलंत ना?" मी विचारलं.

"सगळं बघितलं," म्हणाले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. उशीर झाला त्याचं खापर सगळ्यांनी नारळावर फोडलं. गोजराबाई म्हणाल्या, "उलथली नाय ना? मंग नारलानंच वाचवली."

माझ्या जन्मात इतक्या सुखाने मी कधी हरले नव्हते.

सोमवार, १० फेब्रुवारी

रूपेश सकाळी गाडी आमच्या बिल्डिंगखाली लावून गेला, सोसायटीवाल्यांना बघायला. हे खाली उतरले, बोनेटवर हात फिरवत उभे राहिले. म्हणाले, "उन्हात पिवळा काय खुललाय गं. अगदी हळकुंड."

गाडी राखाडी आहे.

म्हणजे काल तो हिरवा दिवा — दिसलाच नव्हता. मस्टँगचा आवाज ऐकून 'सोड' म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "दोन हात मारलेत रंगाचे." मग वर येऊन दार लावलं आणि रूपेशला फोन केला. म्हटलं, कुणाचेही पाय धर, पण रंग आजच लाव. पिवळा. आणि सरांना कळता कामा नये.