मालमत्ता पत्रकावर एकच नाव

३ मार्च, सोमवार

शी! काय ते सिटी सर्व्हेचं ऑफिस. जिन्यात तंबाखू-खर्र्याच्या पिचकाऱ्या, वर बाबू खुर्चीत रेललेला. नव्या घराचं खरेदीखत माझ्या नावानं झालं, कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार — तरी बाबूचं तोंड किशोरकडेच. “सायेब, पत्रकावर मिसेसचंच नाव लावाचं का?” लावायचं का म्हणजे? आणि नवरा हसला!

मी एसटीत कंडक्टर. अकोला–मूर्तिजापूर गाडीतून दारुडे खाली उतरवते. इथे मात्र मान खाली घालून अर्ज भरला. स्वतःचीच किळस आली.

७ मार्च

पत्रक तयार नाही. किशोर आजकाल फार गोड बोलतो. सकाळी चहा करून दिला — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

१२ मार्च, बुधवार

ड्यूटी संपवून गणवेशातच गेले. एकटी. पत्रक मिळालं. मालक — रागिणी किशोर गावंडे. तिथेच उभी राहून परत परत वाचलं. पेढे घेऊनच घरी जायचं ठरवलं. निघणार, तर बाबू म्हणतो, “काल सायेब येऊन गेले. बक्षीसपत्राचं इचारत होते — घर त्याईच्या नावावर कराचं हाय म्हने. तुमची सही घरूनच आनतो, म्हने. म्या सांगतलं, ताईले सोता यावं लागन.”

पेढे घेतले नाहीत.

घरी विचारलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही! “काहून तमाशा करून राहिली? कागदावर नाव कोनाचं, काय फरक पडते?”

“फरक पडत नसंन, तर माहंच राहू दे.”

ताट ढकललं त्यानं. “बायकोच्या घरात राह्यते, म्हनतीन लोकं मले.”

तो चहा आठवला.

१५ मार्च

मूर्तिजापूरहून सासूबाईंचा फोन. त्या धाकट्या मुलाकडे, शुभमकडे असतात. “सही करून दे अन् मोकळी हो, बाई. घरात शांती राह्यते.” मागून शुभमचा आवाज — “नीट सांग ना तिले!” मी फोन कापला. शी! बाई असूनसुद्धा!

१६ मार्च

सामान हलवलं. किशोर गादीच्या टोकाला नुसता हात लावून उभा. आला, पण तोंड फुगवून. नव्या घरात पहिला स्वयंपाक केला. जेवावंसं वाटलं नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी दारात सासूबाई. एकट्या, हातात कापडी पिशवी. “फोनवर शुभमनं मले बोलाले लावलं,” म्हणाल्या. “दिवाईच्या सनात माह्या घराच्या कागदावर माही सही घेतली होती त्यानं. काल घर इकून टाकलं. तू सही करू नोको.”

किशोर माझ्या मागेच उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. उंबऱ्याबाहेर थांबून मलाच विचारलं — “तुह्या घरात ठेवशीन का मले?”