वंदीच्या वाटणीचा बांध

३ नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. इ. ४थी, पट चौदा, हजर चौदा. पहिल्याच दिवशी! माझ्याच वर्गात होतं हे, दुसऱ्या कोणी लिहून ठेवायचं नाही म्हणून मीच ठेवते.
विषय : जुन्या काळातलं रोजचं जगणं. म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी तुमच्या घरचं माणूस सकाळी उठून काय करत असेल, करून दाखवा. अकरा राजे निघाले. दोन सरदार. दिवाळीच्या किल्ल्यावरून अजून कोणी खाली उतरलेलंच नाही. एकटी वंदी, कातकरीवाडीवरची, कोपऱ्यात टाचांनी चिखल तुडवल्यासारखं करत होती. बाकीचे हसले. मग मी जी सुटले. तुमचे पणजोबा गुडघाभर चिखलात उभे होते म्हणून आज ताटात भात आहे, म्हटलं. तरी रघूने विचारलंच, तलवार होती का बाई त्यांच्याकडे.

५ नोव्हें., बुध.
जोळ शिकवला, गावाने मिळून खारबांध राखायची जुनी रीत. मी खारेपाटातलीच मुलगी, मला पुस्तक कशाला लागतंय. एकीकडे खाडी, एकीकडे शेती, मध्ये मातीचा बांध. बांधाचे वाटे घरोघर. उधाणाला खांड पडली नि खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून दवंडी फिरायची. घरटी एक माणूस. घरात लग्न असो नाहीतर मयत. खांड कोणाच्याही वाट्यात पडो, धावायचं सगळ्यांनी. "घरटी एक, कोणी सुटायचं नाही," असं टेबलावर हात आपटून सांगितलं. माझे आजोबा बांधावर उभे राहून हाका मारायचे, तेही सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.
दुपारी नळापाशी छोटा बांध घातला. प्रत्येकाला दोन वीत. वंदीने मातीत पेंढा कालवला, टाचेने असा ठोकला की विटेसारखा. कोणी शिकवलं, तर म्हणाली "आय".

७ नोव्हें., शुक्र.
आज भरती आणली. सहा बादल्या. रघूचा वाटा फुटला (होणारच होता, अर्धा वेळ तो तलवारच करत होता). मी तोंड उघडायच्या आत तेराच्या तेरा पोरं त्याच्या खांडीवर! कोणी पाटी, कोणी डबा, भाग्याने तर स्वतःचा टॉवेल कोंबला. मुख्याध्यापक व्हरांड्यातून म्हणाले, बाई, पोर्शन कधी संपवणार? म्हटलं, सर, हाच पोर्शन.
छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. वर ताईला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

१० नोव्हें., सोम.
वंदी नाही आली. पोरं म्हणाली, येत्या रविवारी ट्रक येणार, आई-बापाबरोबर वीटभट्टीला घाटावर. आता पावसाच्या तोंडालाच परत. दरवर्षीचंच. मागच्या वर्षी तिसरीतला विठू असाच गेला तो गेलाच.
मधल्या सुट्टीत पाहते तो तिच्या वाट्याला चिरा गेलेल्या नि भाग्या तांब्याने पाणी घालतेय. म्हणाली, "बाई, तिचा वाटा मोकळा राह्यला तर पानी सगल्यांच्याच शेतात येल ना?" मग म्हणे, वंदीला ठेवून घेऊ. आठवडा या घरी, आठवडा त्या घरी. घरटी एक आठवडा.
नऊ वर्षांची पोर. मला आधी हसू आलं, मग काय आलं ते लिहीत नाही. सव्वीस वर्षं शिकवतेय, शिकवलेलं असं चालत माझ्याकडे परत कधी आलं नव्हतं.

१२ नोव्हें., बुध.
शाळा सुटल्यावर वाडीवर गेले. वंदीची आई, सुमन, भांडी गोणीत भरत होती. मी उत्साहाने सगळं सांगितलं. पोरांची कल्पना, जोळ, घरटी एक. तिने ऐकून घेतलं. मग :
"बाई, जोळात आमचं घर कवा मोजलं? माती आमच्या म्हाताऱ्यांनी टाकली, डोक्यावरनं. रातच्याला पायलीभर भात घेतला नि आलं वाडीवर. बांध तुमचा, नाव तुमचं. आनि आता माझी पोर घरोघर भाकर खात फिरंल व्हय?"
स्कूटर काढली नि आले. घरी, रामवाडीला पोचेपर्यंत तिच्यावरच चिडलेली होते, एवढं पोरीच्या भल्याचं सांगतेय नि ही मला इतिहास शिकवते!
आल्या आल्या काकांना फोन लावला. काका म्हणाले, व्हय की, कातकरी असायचेच मातीला. पण त्यांचं घर कसं मोजणार गो, त्यांना जमीन कुठं होती? इतकं सहज. आजोबा हाका मारायचे हे लहानपणापासून ऐकत आले, अभिमानाने सांगत आले. मातीची पाटी कोणाच्या डोक्यावर होती, हे कधी विचारलंच नाही. लाज वाटली.

१३ नोव्हें., गुरु.
वर्गात उभं राहून सांगितलं, बाईंनी चुकीचं शिकवलं. घरटी एक नव्हतं. काही घरं मोजतच नव्हते, वंदीचं त्यातलं. रघू म्हणाला, "मग आपन मोजू. आपला जोळ आपला हाय." भाग्याचं पुढचं : जोळ असेल तर वंदीच्या घरानेपण माणूस द्यायचं. ते देणारच ना, वंदी स्वतःच येऊन राहील. मग ती फुकट कशी खाईल?
ही पोरं माझी आहेत.
संध्याकाळपर्यंत तेरा घरी विचारून झालं. आठ हो. दोन "बघू". तीन नाही. त्यातल्या एका घरची सून म्हणाली, पोर गुणाची आहे हो, पण अंथरूण-पांघरूण वेगळं लागेल. माझ्या जिभेवर काय काय आलं! गिळलं, कारण तिचाही मुलगा माझ्याच वर्गात.
चौदावं घर म्हणून माझं नाव घातलं. हे रोह्याहून शिफ्ट करून आले तेव्हा सांगितलं. म्हणाले, रामवाडीहून तिला रोज शाळेत नेणार कशी? जशी मी जाते तशी, म्हटलं. मागची सीट रिकामीच असते. मग म्हणाले, तिला मासे चालतात का? म्हटलं, तुमच्याहून चांगले पकडते.

१४ नोव्हें., शुक्र.
बालदिन. पालक आले. गावातले जुने लोकही खुर्च्या धरून. पोरांनी बांध दाखवला. बोलायचं भाग्याने. मी कागद लिहून दिला होता, तो तिने वाचलाच नाही. सगळ्यांसमोर म्हणाली : "जुन्या काली वंदीच्या पनजोबांनी माती टाकली, पन त्यांचं घर कोनी मोजलं नाय. आमच्या बाईंनी पयलं चुकीचं सांगितलं. मंग त्यांनीच सांगितलं का चुकलं."
एक म्हातारा उठून गेला. दुसरे एक आजोबा मान खाली घालून बसले, मग हळूच म्हणाले, "खरं हाय." मी पदराने कपाळ पुसत होते, पण आतून अशी ताठ उभी होते की काय सांगू. माझी चूक गावासमोर मांडली पोरीने, नि मला तिचा अभिमान! ताई म्हणेल डोकं फिरलंय.
सुमन आली होती. फाटकापाशीच उभी, वंदीचा हात धरून. "बघू"वाली दोन घरं कार्यक्रमानंतर हो म्हणाली.

१५ नोव्हें., शनि.
सकाळची शाळा. सुटायच्या वेळी सुमन वर्गाच्या दारात. चप्पल बाहेर काढली होती, मी आत बोलावलं तरी उंबऱ्यातच. मला वाटलं, निरोप घ्यायला आली. विचारलं तिने :
"किती घरं व्हय म्हनली?"
दहा, म्हटलं. आणि माझं.
"आनि नाय?"
तीन.
पोरांकडे बघत म्हणाली, "मंग खांड तितंच पडंल, बाई. त्या तीन घरांपासनं माझी पोर खाली मान घालून जाईल रोज. ती तीन व्हय म्हनली तर ठेवते. नायतर नेते. माझ्याजवल तरी मान वर हाय तिची."
आणि गेली. मी तिला समजवायला तोंड उघडलं होतं, दहा घरं काय कमी आहेत, वगैरे. बरं झालं बोलले नाही. तिचंच बरोबर आहे. हे जोळाचंच गणित, नि ते तिला माझ्याहून नीट येतं.
दप्तरं वर्गातच पडलीत. पोरं केव्हाच गावात पळाली, त्या तीन घरांतली तिघंही त्यांच्यात. पहिल्या घरी मी डोकावून आले तेव्हा भाग्या ओट्यावर फतकल मारून बसलेली, उठणार नाही म्हणते. त्या घरची आजी आत गेलीय सुनेशी बोलायला. दुसऱ्या घराला कुलूप, माणसं शेतावर, रघू गेलाय बघायला. तिसरं घर अंथरूणवालीचं. तिथे मलाच गेलं पाहिजे, नि जिभेवर ताबा ठेवून.
ट्रक उद्या सकाळी दहाला. निघते.