सुरतेतली तुझी जागा

आबा, सुरतला जायचं ठरवतोय. एका दिवसासाठी. रात्री अमळनेरला गाडीत बसायचं, सकाळी सुरतेजवळच्या उधन्याला उतरायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत, कारण दुसऱ्या दिवशी इथं धुळ्यात एका लग्नाचा मांडव उभा करायचाय आणि मालक म्हणालाय, या खेपेला गायब झालास तर परत तोंड दाखवू नको. मी सध्या मांडववाल्याकडे आहे. बांबू, कनाती, झालरी, खुर्च्यांच्या चवडी. त्याआधी फैजपूरकडे केळी कापणाऱ्या टोळीत होतो. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, माझे दोन्ही शर्ट अजून काळेच आहेत. तिथूनच एका केळीच्या ट्रकवर बसून दिल्लीपर्यंत गेलो होतो, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून रात्रभर बडबड करायची, एवढंच काम. एवढं फिरलो, पण सुरत पाहिली नाही. समुद्रही नाही. आपल्याकडच्या माणसानं सुरत पाहिली नाही म्हटल्यावर लोक हसतातच, कारण दर घरातलं कोणी ना कोणी तिकडं कापडाच्या मागावर आहे, आणि माझा तर बाप तिथं होता.

एकदा निघालो होतो, खोटं नाही. तिकीटही उधन्याचंच होतं. पण नंदुरबारला गाडी थांबली आणि खिडकीतून बघतो तर काय, लांबवर सगळं रान लाल. मिरची वाळत घातलेली. आधी वाटलं लाल कापड अंथरलंय. जवळून बघून येऊ म्हणून उतरलो, गाडी गेली, आणि मग तिथंच मिरचीचे देठ खुडायला राहिलो चांगले काही आठवडे. डोळे असे सुजले की बायाच मला हसायच्या. गावाकडे सगळे म्हणतात याच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात वारं. असेलही. पण दिल्लीला जाताना मी मधे कुठं उतरलो नाही, आणि सुरतेच्या वाटेवरच बरोबर उतरलो, ही गोष्ट मला नंतर कधीतरी जाणवली.

आता ठरलंय म्हटल्यावर ज्याला त्याला माझा तो एक दिवस हवाय. अक्का म्हणते, तिच्या नणंदेच्या पोरीसाठी घागऱ्याचं कापड बघ. दाजी म्हणतात, दुकानासाठी साडीच्या फॉलचे गठ्ठे आण, इथल्यापेक्षा तिथं निम्म्यात मिळतात. अमळनेरला दाजींचं फॉल-पिकोचं दुकान आहे, तू गेलास तेव्हा अक्काचं लग्न व्हायचं होतं, तू त्यांना पाहिलं नाहीस. माणूस चांगला आहे, फक्त तोंडाला लगाम नाही. मी म्हटलं, दाजी, मी समुद्र बघायला चाललोय. तर मशीन थांबवून माझ्याकडे बघत बसले. "समुद्र? शालकबुवा, भलत्या टाईमले जाशी ते तो भेटाव नही. घरले कुलूप लाईसन बाहेर जायेल ऱ्हास." मला वाटलं थट्टा करतायत. पण खरं आहे म्हणे, डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी इतकं मागं जातं की नुसता चिखल दिसतो, आणि आपल्याकडची माणसं भाड्याची रिक्षा करून जातात, चिखल बघतात, भजी खातात आणि घरी येऊन सांगतात की समुद्र पाहिला. मग दाजींनीच भरतीची वेळ कुणाला तरी फोन करून विचारली. मी हाताच्या बोटांवर दिवस मांडला. सकाळी उतरायचं, कापड बाजार, मग भरती गाठायची, मग गठ्ठे उचलून स्टेशन. मधे एक जागा मी रिकामी सोडली होती, ती कुणाला सांगितली नव्हती.

ती जागा काकांची. तुझ्या खोलीतले काका, पिंपळनेरच्या पलीकडचे. त्यांनी मायला फोन केला होता. म्हणाले, वहिनी, सुरत सोडतोय, माग तर डोळ्यांनी केव्हाच सोडायला लावला, आता रखवालीही झेपत नाही. मालक खोल्या पाडून वर मजले चढवणार आहे. पोराला खोली बघायची असेल तर अमावास्येच्या आत येऊ दे, मग काही राहणार नाही. मायनं मला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, तू येतेस का? माझ्या मनात होतं की दोघं जाऊ. ती म्हणाली, "मी काय करू तठे? अठे ये तवयच तो मना व्हता. तठला माणूस माले काय माहीत?" आणि भाकरी तव्यावर टाकली. तिच्या आवाजात राग नव्हता.

ती म्हणते ते बरोबरच आहे. तू आमच्याकडे पाहुणा होतास, आबा. कानबाईच्या सणाला सगळे सुरतवाले येतात तसा तू यायचास, आणि दिवाळीत आलास तर आलास. तू यायच्या आदल्या दिवशीपासून घराचं रूप बदलायचं. शेवभाजीचा रस्सा, कळण्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि आम्हाला दम, की आबाचं झाल्याशिवाय कुणी लोण्याला हात लावायचा नाही. तू सावकाश जेवायचास. पुरे, पुरे म्हणायचास. पाणीसुद्धा मागून घ्यायचास, स्वतः उठून माठाकडे गेला नाहीस कधी, जसं काही माठ कुठंय ते तुला माहीत नव्हतं. आणि मग दुपारी जो झोपायचास. रातपाळीची सवय, त्यामुळे सुट्टीतही दिवसाच झोप. मी दाराशी बसलोय, आत तू भिंतीकडे तोंड करून झोपलेला, पाठीवर बनियनचा घामाचा नकाशा, आणि माय ओठावर बोट ठेवून मला म्हणतेय, "आबाले झोपू दे. तो दमेल शे." तू उठेपर्यंत मी कुठंतरी उंडारायला गेलेला असायचो. मी आलो की तू चौकात. माझ्या डोक्यात तुझी पाठच जास्त आहे.

एक वर्ष तू मागावरचा चकचकीत कापडाचा तागा आणलास. आमसुली रंगाचा, त्यावर सोनेरी बुट्टे. मायनं त्यातून मला शर्ट, अक्काला फ्रॉक आणि उरलेल्याचा उशीचा अभ्रा शिवून घेतला. मी आणि अक्का शाळेत गेलो तर पोरं ओरडली, "बँडवाले ऊनात रे, बँडवाले!" अक्का रडत घरी पळाली. मी मात्र दिवसभर तोच शर्ट घालून तोंडानं सनई वाजवत फिरलो, म्हटलं बँडवाले तर बँडवाले. तुला हे कुणी सांगितलं नाही. तू परत जाईपर्यंत तो शर्ट मी रोज घातला आणि तू एकदाच म्हणालास, "बरा दिसतो." तेवढंच.

आणि त्याच सुट्टीत मी शाळा बुडवून बोरी नदीच्या पात्रात खडी भरणाऱ्या ट्रॅक्टरवर फिरायला गेलो, अंधार पडल्यावर घरी आलो. मायनं लाटण्यानं झोडपलं, मग तुझ्याकडे ढकललं आणि म्हणाली, तुम्हीतरी काही बोला याला, माझं ऐकत नाही. मी डोळे मिटून उभा राहिलो. मारशील म्हणून वाट बघत होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, जेवलास का? शेजारच्या घरातलं पोर चुकून आत आलं तर विचारावं, तसं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. नंतर, तू गेल्यावर, म्हणजे मी पाचवीत असताना काविळीनं गेलास आणि तुला सुरतेहून जीपमधून आणलं त्यानंतर, मला ते सारखं आठवायला लागलं. इतर पोरांचे बाप त्यांना शिव्या देत होते, कान धरून शाळेत नेत होते. तू मला एकदाही रागावला नाहीस. रागवायला माणूस आपला वाटावा लागतो, की घरात रोज राहावं लागतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून काकांना फोन केला. मला वाटत होतं, एवढी वर्षं एका खोलीत राहिलेला माणूस, त्याच्याकडे तू सगळा असशील. पहिल्यांदा तर ते ओळखेनातच. मग ओरडले, "आबाना पोऱ्या का रे तू? कितला मोठा व्हई गया व्हशी!" आणि मग मी विचारलं, की काका, आबा तिथं कसा होता, एखाद्या साध्या दिवशी? ते हसले. म्हणाले, भो, आमची भेट दारातच. तुझा बाप रातपाळीला, मी दिवसपाळीला. सकाळी तो आत येणार, मी बाहेर जाणार, संध्याकाळी उलट. खोली एक, गादी एक. तो उठला की मी आडवा होणार, मी उठलो की तो. "गादी कधी थंडी झायी नही आमनी," असं म्हणाले. एका खोलीत एवढी वर्षं, आणि समोरासमोर बसून जेवण झालं ते फक्त वीज गेली की माग बंद असायचे तेव्हा.

मी फोन कानाला लावून गोडाऊनमधल्या खुर्च्यांच्या चवडीवर बसलो होतो. म्हणजे तुला धड कुणीच पाहिलेलं नाही. आम्ही नाही, मायनं नाही, आणि हे काका, तेही नाहीत. मी म्हटलं, बरं, ठेवतो. तर ते म्हणाले, थांब रे, पण भांडायचा किती! आणि सुरू झाले. म्हणाले, मी तेल लावून झोपायचो, उशी चिकट व्हायची, त्यावरून रोज सकाळी दारातच बोलणी. विडीची राख खिडकीत झाडली, बोलणी. नळाची बादली अर्धी ठेवली, बोलणी. आणि तू स्वयंपाक करायचास म्हणे! कामावर निघताना माझ्यासाठी भात-आमटी झाकून ठेवायचा, म्हणाले, आणि मी आदल्या दिवशी काही चुकलो असलो की त्यात मुद्दाम तिखट जास्त. मी परतून आलो, पहिला घास घेतला की कळायचं, आज आबा चिडलेला आहे. सांगता सांगता त्यांना ठसकाच लागला, जणू आमटी अजून घशात आहे.

मी हसत होतो आणि माझा जीव जळत होता, आबा. त्या परक्या माणसाच्या वाट्याला तुझी रोजची चिडचिड आली. तू माठाकडे उठून न जाणारा माणूस, तिथं कुणासाठी तरी भात झाकून ठेवत होतास. मला लोणी नको होतं रे. मला ती तिखट आमटी हवी होती.

काका म्हणाले, कशाला येतोस एवढ्या लांब, मी गावी येतोच आहे, पिंपळनेरला ये, कोंबडी कापू. मी नाही म्हटलं. गावी ते नातवंडांत बसतील, डोक्याला टोपी, मला पाट मांडतील. ती खोली उभी आहे तोवरच यायचंय, असं सांगितलं. तेव्हापासून तो बोटांवर मांडलेला दिवस एकेक करून सुटत गेला. कापड बाजार गेला. फॉलचे गठ्ठे दाजींना पार्सलनं मागवता येतील. भरती बरोबर दुपारची होती, आणि दुपार तर मला हवी आहे.

आज संध्याकाळी पुन्हा फोन केला, येण्याचं पक्कं सांगायला. काका आता रात्रीची रखवाली करतात, सकाळी सुटतात, म्हणजे दिवसा झोपायची पाळी आता त्यांचीच. मी अडखळत विचारलं, की काका, मला तिथं दुपारभर झोपता येईल का, आबा झोपायचा तिथं. वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, तू गादीवर झोप, मी खाली चटई टाकतो, खिडकीला पोतं लावू, उजेड येतो फार. आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तुना बाप कसा वरडे, आयकाडू का?" मी हो म्हणेपर्यंत त्यांनी आवाज लावलाही. जाड, नाकातून, शेवटी वर चढणारा. "ए तेल्या! उशी शे का घाना शे ही?" आणि मग आपल्या आवाजात, लहान पोरासारखं, "असाच ना रे? असाच व्हता ना?"

मी म्हटलं, हुबेहूब, काका. अगदी आबाच. ते इतके खूश झाले की त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवला.

हे तुलाच लिहितोय म्हणून लिहितो, तसंही हा कागद कुठं जाणार नाही. मायला समुद्र बघायला जातो असं सांगितलंय, दाजींनाही तेच. आणि काकांना हुबेहूब म्हणालो खरं, पण तो आवाज तुझा होता की नाही, मला कळलंच नाही. मला तुझा आवाज आठवत नाही, आबा. कितीतरी वर्षं झाली, आठवत नाही.