माझे ठणठणीत डोळे आणि जांबुघोड्याचा दूधराज

दांडिया बाजार, बडोदे
ता. २ जून १९९७

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या दत्तूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या कागदावरच घालतो, आठही अंगं पोचली असं समज). दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, अडुळसा चालू ठेवा आणि सराफ्यातली कचोरी चार दिवस बंद करा, खोकला आपला आपण जाईल. इकडे सारे खुशाल. ऊन मरणाचं आहे. निरुपमेनं (माझी सून, तुझी लाडकी) गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारच्या आत वाळतात आणि त्या राखायला मला बसवतात. म्हणजे कुरडयांपुरती तरी माझी नजर या घरात चालते, हे ध्यानात घे.

नजरेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. गेल्या आठवड्यात तिनं कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून तुला फोन केला. (घरच्या फोनला एस.टी.डी.चं कुलूप आहे आणि त्याचा आकडा मी कुणाला सांगत नाही, म्हणून बूथ.) तिनं तुला सांगितलं की मामंजींच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, डॉक्टरांनी दहा जूनची तारीख दिलीय आणि मामंजी नाही म्हणजे नाही म्हणून बसलेत. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. तुझं कार्ड मिळालं. इतक्या मोठ्या अक्षरात लिहायची काही गरज नव्हती, चार ओळींत कार्ड संपलं. तुझी दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून, अक्का, तू भेटेल त्याला ऑपरेशन करून घे म्हणतेस. मागच्या दिवाळीला दूधवाल्यालाही म्हणालीस, आणि त्याला नुसती रांजणवाडी झाली होती. कार्डात तू विचारतेस की दिसत नाही तर या वयात रानात काय डोंबल बघायला जातोस. त्याचं उत्तर म्हणून या उन्हाळ्याची सगळी हकीकत लिहितो. वाच आणि तूच सांग, न दिसणारा माणूस एवढं करील का?

तर आमचं ‘केडी’ नावाचं निसर्ग मंडळ आहे. केडी म्हणजे पाऊलवाट. (मंडळात निम्मे गुजराती, निम्मे आपण, भांडण झालं की सगळे हिंदीत शिरतात.) उन्हाळाभर दर रविवारी पहाटे साडेपाचला लहरीपुरा दरवाजापाशी जमायचं, टोपी, पाणी आणि डबा घेऊन मेटाडोरमध्ये बसायचं आणि ऊन चढायच्या आत एखादं तळं नाहीतर डोंगर गाठायचा. मला यात ओढलं शेजारच्या संपतरावांनी. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. हे स्वतः जन्मभर विम्याच्या कचेरीत बसले, पण पाखरू दिसलं तरी शत्रू दिसल्यासारखे गरजतात. मी मात्र गेलो तो निव्वळ कुतूहलानं. अक्का, मी पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढले. नकाशात झाडाची खूण ठरलेली असते, एक गोळा आणि खाली दांडी. असे लाखभर गोळे काढले असतील, पण ते झाड मोहाचं की टेंभुर्णीचं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. आता रिटायर झाल्यावर सगळे प्रश्न एकदम अंगावर आले आहेत. मोहाची फुलं पहाटेच का गळतात? पळसाला पानं नसताना फुलायची एवढी घाई कसली? टिटवी उघड्या माळावर, दगडांत अंडी घालते, मग ती या उन्हात उकडून निघत नाहीत का? आमचे पुढारी रश्मिकांतभाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, देवमाणूस. त्यांनी सांगितलं की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. मी त्या रात्री जेवताना हे चार वेळा सांगितलं. निरुपमा म्हणाली, मामंजी, वरण गार होतंय.

मंडळाचे दोन नियम तुला सांगायला हवेत. पहिला असा की परत निघण्यापूर्वी एखाद्या झाडाखाली गोल बसायचं, रश्मिकांतभाई रजिस्टर उघडतात आणि ज्यानं त्यानं काय पाहिलं ते सांगायचं. स्वतःच्या नजरेनं पाहिलं असेल तरच नावापुढे नोंद. नुसता आवाज ऐकला तर वेगळ्या रकान्यात. (माझं नाव त्या ऐकल्याच्या रकान्यात फार वेळा येतं, हे निरुपमेला संपतरावांच्या बायकोकडून कळलं. बायका काय काय बोलतात!) दुसरा नियम माझ्या एकट्यासाठी केला आहे. तपकीर ओढायची असेल तर पन्नास पावलं मागं राहायचं. माझ्या शिंका तुला ठाऊक आहेत, एकदा लागल्या की सातांशिवाय थांबत नाहीत, आणि एप्रिलात पावागडच्या पायथ्याशी मी दोन घुबडं, एक ससा आणि एक बकऱ्यांचा कळप असे एका दमात उठवले होते.

आता नजरेचे पुरावे घे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी वढवाणा तलावावर गेलो. पाणी आटलेलं, लांबवर चिखल. सगळे बदकं मोजत असताना मला एकट्याला पलीकडच्या शेतात एक मोठा पक्षी दिसला, पुरुषभर उंच, अंग पांढरं, पंख पसरून उभा. दुर्बिणीशिवाय दिसला, हे लक्षात ठेव. मी खूण केली, आणि सबंध मंडळ ओणवं होऊन, काही तर गुडघ्यांवर, अर्धा तास त्याच्याकडे सरकत गेलं. पक्षी हलेना. शेवटी रश्मिकांतभाई उठून उभे राहिले, गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून फार प्रेमानं म्हणाले, “दादा, आ पक्षी बहु धीरजवाळुं छे.” (म्हणजे फार धीराचा आहे.) बुजगावणं होतं. पण मला सांग, ते बाकी वीस डोळस लोकांना का नाही दिसलं?

दुसरा पुरावा विश्वामित्रीचा. मेच्या पहिल्या आठवड्यात नदीचं पाणी उतरतं आणि मगरी काठावर ऊन खायला येतात, तेव्हा आम्ही त्या मोजायला गेलो. प्रत्येकाला दोनशे पावलांचा काठ वाटून दिला. मी पाच मगरी मोजल्या, इतक्या कुणाच्याच वाट्याला आल्या नव्हत्या. रश्मिकांतभाईंनी येऊन फेरतपासणी केली तेव्हा दोन टायर निघाले, एक सिमेंटचा पाइप, एक घाटाची तुटकी पायरी आणि पाचवी म्हैस होती, ती आमच्याकडे बघून उठून गेली. ठीक आहे, होतं असं. मग मी डबा खाल्ला आणि तो विसळायला पाण्यापाशी उतरलो. तिथे एक छानसा ओंडका पडलेला होता. त्यावर टेकावं म्हणून धोतर सावरतो आहे, तोच वरून संपतरावांनी अशी आरोळी ठोकली की पणजोबांना ऐकू गेली असेल. मी दचकून मागं आपटलो (कंबर तेव्हाच धरली) आणि ओंडका पाण्यात शिरला. जाताना शेपटीचा एक फटकारा, त्यासरशी डबाही गेला. आता यात मुद्दा असा की मगर मला घाबरून पळाली, मी तिला नाही. पण घरात हे कुणी ऐकून घेत नाही, कारण डबा निरुपमेच्या माहेरचा होता. त्यावर ‘श्रीपतराव यांजकडून सप्रेम भेट’ असं तिच्या वडिलांच्या नावानिशी कोरलं होतं, ती भेट आता विश्वामित्रीत एका मगरीपाशी आहे. दुसऱ्याच दिवशी सुनेनं मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तू म्हणशील, मग डॉक्टर सांगतात ते कर की, हट्ट कसला? अक्का, तू तेव्हा लग्न होऊन इंदूरला गेली होतीस. आप्पांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा. त्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून सात दिवस उताणं निजवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी आप्पांना शिंक आली. एकच. तो डोळा गेला तो गेलाच. सगळे म्हणाले, प्रारब्ध. तुझे डॉक्टर म्हणतात आता पिशव्या नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी, सगळं मान्य. पण आप्पांची एक शिंक आणि माझ्या सात. हिशेब तूच कर. एक तासभर मला शिंक आवरणार नाही, हे मला जन्मभर माहीत आहे, आणि म्हणून मी नाही म्हणतो. भितो म्हणालीस तरी चालेल, भितोच.

आता शेवटचा पुरावा, गेल्याच्या गेल्या रविवारचा, पंचवीस मेचा. जांबुघोड्याच्या जंगलात एका ओढ्याशी गेलो होतो. ओढा आटलेला, बांबूच्या सावलीत एवढासा डोह शिल्लक, आणि आम्ही बाराजण पानं तुडवली जाणार नाहीत अशा बेतानं बसलेले. एकदम सगळे गप्प झाले. गप्प होतेच, पण आणखी गप्प झाले. संपतरावांनी माझं कोपर धरलं आणि, विश्वास ठेव, हा माणूस कुजबुजला. दूधराज, म्हणाले. पांढरा शुभ्र, डोकं काळं, तुरा, आणि शेपटीला हातभर दोन फिती. तो पाण्यावर सूर मारतो आणि फिती मागाहून येतात. मी बघितलं. हिरवं होतं. त्याच्या पुढे आणखी हिरवं होतं. मी म्हणालो, हो हो, दिसला.

आणि नेमकी त्याच क्षणी शिंक आली! तपकीर सकाळपासून ओढली नव्हती, बांबूचा कसला भुसा नाकात गेला देव जाणे. मी शिंकलो असतो तर पक्षी गेला असता आणि अकरा माणसांनी मला त्याच डोहात बुडवलं असतं. मी वरचा ओठ दाबला, जीभ टाळूला लावली, मनात एकोणतिसाचा पाढा सुरू केला. डोळ्यांतून पाणी, कानांत दडे. पाढा संपला, उलटा म्हटला. दूधराज महाराज आंघोळ करत होते म्हणे, सात वेळा बुडी मारली, फांदीवर बसून फिती सुकवल्या आणि मग गेले. रश्मिकांतभाईंच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. ते गेल्यावर मी नऊ वेळा शिंकलो. कुणी हसलं नाही. रश्मिकांतभाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांना वाटलं, या म्हाताऱ्याला पक्ष्याचं एवढं वेड की त्याला डोळे भरून बघता यावं म्हणून जीव मुठीत धरून बसला. रजिस्टरात त्यांनी माझं नाव सगळ्यांत वर घातलं. दूधराज, दिसला. परतीच्या वाटेवर सगळे त्या फितींबद्दलच बोलत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो, म्हणजे बाहेर तोंड करून बसलो होतो.

असो. या सगळ्यावरून तुझी खात्री पटली असेल की माझे डोळे ठणठणीत आहेत आणि ऑपरेशनचा विषय इथेच संपला. दाजींना नमस्कार, लेकीसुनांना आशीर्वाद, कचोरीचं तेवढं बघ.

तुझा,
दत्तू

ता. क. आठ तारखेपर्यंत ये. ऑपरेशन दहाला सकाळी आहे. येताना तुझा तो काळा चष्मा आण, ज्याला मी गोगलवाली नटी म्हणून हसलो होतो. निरुपमेला अजून काही बोललेलो नाही. तू येऊन रागावलीस आणि मग मी ऐकलं, असं दिसू दे. मी अकरा मिनिटं शिंक धरली, अक्का. न दिसणाऱ्या पाखरासाठी धरली, तर दिसण्यासाठी का नाही धरवणार?

ता. क. दुसरा. गेल्या सोमवारी मी रश्मिकांतभाईंच्या घरी जाऊन ती नोंद खोडायला सांगितली. ते म्हणाले, पंधरा वर्षांत रजिस्टरातलं कुणी काही खोडलेलं नाही. मग खोडली आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘जोवानो बाकी’. पाहायचा राहिलाय. मला तो पक्षी पाहायचाय, अक्का, फार पाहायचाय.

ता. क. तिसरा, हा वाचून पत्र फाड. आप्पांनी त्या पाचव्या दिवशी चिमूटभर तपकीर मागितली होती. फार काकुळतीला आले होते. मी दिली. बावन्न वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्याच डबीतली तपकीर मी ओढत आलो. डबी पाकिटात घालतो आहे. ती तुझ्याकडे ठेव आणि मी मागितली तर देऊ नकोस.

ती. आत्यांना निरुपमेचा नमस्कार वि. वि. पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात आहे, कारण मामंजींनी तो टेबलावरच्या मेणकापडावर लिहिला होता आणि कोरं पाकीट पोस्टात टाकायला दिलं. पत्र मी वाचलेलं नाही. (वाचलं.) डबी पोस्टाने पाठवली नाही. माझ्या कपाटात, माझ्या साड्यांखाली आहे, आणि मागितली तरी देणार नाही. मामंजींना काही कळलंय हे दाखवणार नाही, तुम्ही येऊन रागवा, आम्ही घाबरल्यासारखं करू. पुढच्या मेमध्ये जांबुघोड्याच्या मेटाडोरमध्ये तीन जागा धरायला मी रश्मिकांतभाईंना सांगून ठेवलंय, मामंजींची, तुमची आणि माझी. त्या फिती खरंच हातभर लांब असतात का हो, आत्या?