फुटक्या घंटेची बोली

बाबा, तुमची घंटा सापडली. बाजारात हर्रास पुकारायला वाजवायचात ती. बाभळीच्या मुठीची, काठाचा टवका उडालेली, वाजवली की ठण्ण न म्हणता ठक्क म्हणणारी. आधी एवढं सांगून टाकते आणि मग सावकाश लिहिते, कारण हे सांगायला हक्काचं माणूस तुम्हीच होतात आणि नेमके तुम्हीच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आष्टीच्या बाजारात तुमचा आवाज आठवणारी माणसंही आता म्हातारी झाली. पण त्या दिवशी गोदामात ती घंटा हातात आली आणि तिला खाली ठेवून मला स्टुलावर बसावं लागलं. नातवंडं होण्याच्या वयाची बाई गोदामात एकटीच हसत बसली आहे, हे कोणी पाहिलं असतं तर मला सुट्टी देऊन घरीच पाठवलं असतं.

मी अजून तेच काम करते, जुन्या वस्तूंची वर्णनं लिहिण्याचं. तुम्ही होतात तेव्हा मी नागपूरच्या ऑफिसात नुकती लागले होते. आता सिंदी मेघेत घराजवळच एक लिलावाचं ऑफिस आहे. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याचं गोदाम. लोक पानदानं पाठवतात, अडकित्ते, काचेच्या हंड्या, चावी हरवलेली पितळी कुलपं, मुका झालेला ग्रामोफोन. मी प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून पाहते, माप घेते, फोटो काढवून घेते आणि खाली चार ओळी लिहिते. त्या वाचून कुठल्या कुठे बसलेला माणूस मोबाइलवर बोली लावतो. वस्तू त्याच्या हातात नसते, दुकानदाराचं तोंड समोर नसतं. जे काही असतं ते फोटो आणि माझ्या चार ओळी. तुम्ही याला हर्रास म्हणालाच नसता. माणसं दिसत नाहीत, ओट्यावर पानाच्या पिचकाऱ्या नाहीत, तर हा हर्रास कसला, असं म्हणून तुम्ही पोळीचा पुढचा तुकडा मोडला असता.

घंटा आली ती नागपूरच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या खोक्यातून. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: इंग्रज साहेबाच्या बंगल्यावरची जेवणाची घंटा. मी मनात म्हटलं, चला, अजून एक साहेब जेवला. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू कोणा ना कोणा साहेबाच्या बंगल्यावरच्या असतात. एवढे बंगले या जिल्ह्यात उभे असते तर कापूस पेरायला जागा उरली नसती. मी सवयीने मूठ धरली आणि हलवली. ठक्क. मी पुन्हा हलवली. ठक्क. मग तिला उजेडात नेलं. काठाचा तो टवका, घंटा ओट्यावरून पडली तेव्हाचा. मूळची मूठ फुटल्यावर तुम्ही स्वतः तासून बसवलेली बाभळीची मूठ. तिच्यावर घट्ट गुंडाळलेली तांब्याची तार, आणि तारेचं टोक तुमच्या पद्धतीने आत दडपलेलं, हाताला लागू नये म्हणून. बाबा, ती तार तुम्ही गुंडाळत होतात तेव्हा पक्कड मागायला तुम्ही माझ्याकडेच हात केला होता.

बाजाराचा दिवस. तुम्ही अडत्याच्या ओट्यावर चढता, घंटा हलवता आणि शेजारचा मिरचीवाला ओरडतो, "वाजली रे फुटकी, चाला." माणसं जमतात. समोर संत्र्याचे ढीग. आणि मग तुम्ही ते करता जे दुसरा कोणताही बोली पुकारणारा करत नव्हता. तुम्ही खाली उतरता, बाही वर सारता, कोपरापर्यंत हात ढिगात घालता, चाचपडत राहता, आणि एक फळ बाहेर काढून सगळ्यांच्या डोक्यावर धरता. डागाळलेलं, मऊ पडलेलं. "हे याच्यातलं सगळ्यात खराब. याच्याखालचं एकबी नाई. बोला आता." नवा शेतकरी असला की तो पाय आपटत तुमच्या अंगावर यायचा, माझ्या मालाची इज्जत घालवता काऊन म्हणून. तुम्ही त्याला नुसतं थांब म्हणायचात. घेणाऱ्यांना एकदा कळलं की ढिगात याहून वाईट काही दडलेलं नाही, की ते निर्धास्त बोली चढवायचे, आणि तोच शेतकरी जाताना तुमच्या खिशात दोन संत्री कोंबायचा. ती खिशात दबून फुटायची आणि आई तुमचा सदरा धुताना तुम्हाला बोलायची.

मला तुमच्याकडून बोलणी बसली ती स्वयंपाकघरात. नवी नोकरी, पहिलं वर्णन छापून आलेलं, आणि मी नागपूरहून एसटीने तो कागद मिरवत घरी आले होते. तुम्ही पाटावर जेवायला बसलेले, ताटात वांग्याची भाजी आणि भाकर. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. पानदान होतं ते. दुर्मीळ, राजेशाही, नयनरम्य, नजर खिळवून ठेवणारं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "हे सगळं झालं. याची खोट कोनती?"

मी म्हटलं, "झाकणाची बिजागरी ढिली आहे. पण तसं लिहीत नसतात, बाबा."

"काऊन?"

"मग घेणार कोण?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "पोरी, तू सांगतलं नाई त ते पानदान सांगते. गिऱ्हाईक घरी जाऊन झाकन उघडते, अन् मंग राजेशाही म्हननाऱ्या बाईले शिव्या देते. तुले माल विकाचा हाय का शिव्या खाच्या हायेत?" मी फणकाऱ्याने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. आई म्हणाली, पोरगी एवढ्या हौसेने आली, जेवू तरी द्या तिले. तुम्ही म्हणालात, "जेव ना, कोन नाई म्हनते. भाजी खारट झाली हाय, हे आधी सांगून देतो." आईने चमचा उगारला होता, आठवतं? मी रुसून बसले होते आणि तरी मला हसू आलं होतं. पुढच्या वर्णनाची पहिली ओळ मी खोटेची लिहिली. तेव्हापासून तशीच लिहिते. ऑफिसात मला मागून ‘खोटवाली मॅडम’ म्हणतात, आणि समोर म्हटलं तरी चालेल असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

तर घंटा. मी स्टुलावरून उठले आणि आईला फोन लावला. काही सांगितलं नाही, नुसती फोनजवळ घंटा हलवली. मग आई म्हणाली, "त्याईची हाय." तुम्ही गेल्यावर बाजार नव्या यार्डात गेला, तिथे भोंगा लागला, आणि ही अडत्याच्या खोलीतून भंगारात गेली, एवढंच आम्हाला कळलं होतं. आई कित्येक महिने भंगारवाल्याची गाडी आली की दारात जाऊन तिच्यात डोकावायची. आता ती म्हणाली, "मंग घेऊन ये ना घरी. वाट कायची पाहून राह्यली?"

वाट नियमाची होती, बाबा. आमच्याकडे ज्याने वर्णन लिहिलं त्याने त्या वस्तूवर बोली लावायची नाही, त्याच्या घरच्यांनीही नाही. नियम चांगला आहे. नाहीतर वाईट लिहायचं आणि स्वस्तात उचलायचं, असा धंदा सुरू होईल. मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब मनाने चांगले, फक्त गोष्टीवर फार लवकर भाळतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि चुटकीसरशी तोडगा काढला. "मॅडम, तुमच्या वडलाईची हाय ना? तर घ्या बिनधास्त. फक्त लिहू नका. लिहाचं काम दुसऱ्या मॅडमले देतो."

"आणि त्या काय लिहिणार?"

"बंगल्याचं. घंटेचा मालक तसंच सांगून राह्यला. आपन काय पाहाले गेलतो का?"

म्हणजे हे असं होतं. लिहिलं नाही तर मला बोली लावता येणार, पण तुमची घंटा इंग्रज साहेबाची होणार. पुढे ती माझ्या कपाटात आली तरी जगाच्या हिशेबी ती कोण्या गोऱ्याला सूप प्यायला बोलावणारी घंटा राहणार, आणि हे मला माहीत असताना मी गप्प बसलेली असणार. लिहिलं तर ती तुमची राहणार, पण घरी येणार नाही. त्या रात्री जेवताना मी आईला हे सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, घेऊन टाक. ती म्हणाली, "मले घरी पाह्यजे होती." आणि मग, ताट उचलताना, "पन दुसऱ्याच्या नावानं नोको."

सकाळी मी आधी त्या व्यापाऱ्याला फोन केला. बंगला कुठला, म्हणून विचारलं. तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, "कायचा बंगला मॅडम, भंगारात भेटली मले. चिठ्ठी त मी सगळ्याईले तेच लावतो. तुमाले जे खरं वाटते ते लिहा." मग मी दार लावून घेतलं, घंटा समोर ठेवली आणि लिहायला बसले. इतक्या वर्षांत लिहिताना अशी मजा आली नव्हती, बाबा. एकेक ओळ लिहायची, घंटा हलवून खात्री करायची, पुन्हा लिहायचं. तुम्हाला वाचून दाखवते. उभ्यानेच वाचते आहे असं समजा.

‘पितळी हातघंटा. तडा गेलेली आहे, त्यामुळे आवाज घुमत नाही, ठक्क असा येतो. काठाचा टवका उडालेला आहे. मूठ मूळची नाही. सोबत आलेल्या चिठ्ठीत ती बंगल्यावरची म्हटली आहे; ती बंगल्यावरची नाही. आष्टीच्या बाजारात संत्र्याच्या हर्रासाला माणसं जमवण्यासाठी ती वाजवली जात असे. वाजवणारा माणूस बोली सुरू करण्याआधी ढिगातलं सगळ्यात खराब फळ काढून दाखवत असे. बाभळीची मूठ त्याने स्वतः तासली, तांब्याची तार त्यानेच गुंडाळली. वर्णन लिहिणारी व्यक्ती त्याची मुलगी असून तिने ही घंटा वापरात असताना पाहिली आहे. याहून वाईट या घंटेत काही नाही.’

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "मॅडम, बोहनी तरी होईन का याच्यानं?" मी म्हटलं, नाही झाली तर परत पाठवू. आतून मात्र मला धाकधूक होती. कोणीच बोली लावली नाही तर ती पुन्हा भंगारात जाणार, आणि ती पाठवणारी मी असणार.

लिलावाच्या दिवशी आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती. कुलपं गेली, हंड्या गेल्या. घंटेचा नंबर आला आणि आकडा हलेना. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे त्यांना माझी कीव येत होती. मग कोणीतरी एक बोली टाकली. लगेच दुसरी. थांबलं. मी हुश्श करणार तोच तिसरा कोणी आला, आणि मग पहिला हट्टाला पेटला. त्यांची नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते नंबर, पण मला ती माणसंच दिसायला लागली, धोतरं खोचलेली, एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघणारी. आकडा वर जातो, थांबतो, पुन्हा जातो. मी खुर्चीतून कधी उठले मला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं, "बोला, बोला, अजून कोनी?" ऑफिसात आधी सगळे चपापले आणि मग साहेबांनीच टेबलावर थाप मारून साथ धरली. बंगल्याची म्हणून गेली असती तर आणखी वर गेली असती, असं ते नंतर म्हणाले. असेल. पण घंटा आली होती ती कोणा इंग्रज साहेबाची म्हणून, आणि गेली ती तुमची म्हणून.

घेणारी हैदराबादची एक बाई आहे. घंटा जमवते. तिने निरोप पाठवला: पॉलिश करू नका, मूठ बदलू नका, आणि वर्णनाचा कागद सही करून सोबत पाठवा. मी सही केली. आईला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "खराब आधी सांगतलं होतं ना?" मी हो म्हटलं. "मंग झालं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. थोड्या वेळाने पाहिलं तर ती पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

हे सगळं मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, वर्णनांच्याच कोऱ्या पानावर लिहिते आहे. शेवटची ओळ झाली की जतन न करता बंद करीन. उद्या घंटा गाडीत चढेल. आता ती माझ्यासमोर भुश्शाच्या खोक्यात आहे, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मुठीच्या एका बाजूला खळगा पडला आहे, वर्षानुवर्षं तुमचा अंगठा टेकून. त्यात माझा अंगठा बरोबर बसतो. ते मी वर्णनात लिहिलं नाही. खोट असती तर लिहिलीच असती, बाबा. पण ती खोट नव्हती, आणि एवढं एक मी गिऱ्हाइकापासून लपवून स्वतःकडे ठेवलं.